साठपर्यंत मोजून

दादा, तुझ्या खोलीचा मेन स्विच बंद होऊन आज पंधरा दिवस झाले आणि तो आवाज अजून येतो आहे.

इथे येतो आहे, माझ्या अरेरा कॉलनीतल्या घरात. कोलार रोडवरची तुझी खोली इथून चांगली लांब आहे, तिला बाहेरून कडी आहे आणि आत एकही दिवा लागलेला नाही. तरी आज सकाळी मी पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या, फ्रिजचं बटण खाली केलं, दर रविवारी तुझ्याकडे करायचो ते सगळं केलं, आणि आवाज आलाच. पितळेचं भांडं वाजून विरत आलं की शेवटी जेवढं उरतं तेवढा. तीन वर्षं मी तुला ज्याच्या मागे पळवलं, तोच.

आता साडेनऊ वाजलेत. चार वाजता मला तुझ्याकडे पोचायचं आहे. परवा तेराव्याची माणसं गेल्यावर वहिनींनी मला बाजूला घेतलं. "सुमनताई, सलीमभाई दोन्ही मशीन दुकानात नेऊन ठीक करून घेऊन आलेत. रविवारी चारला या, नेहमीसारख्या. तुमच्या दादांना शेवटी जमलं का नाही, तेवढं एकदा ऐकून सांगा. बस. मग मी ती खोली बंदच करून टाकते."

मी हो म्हटलं. मला काय ऐकू येणार आहे ते मला माहीत आहे. वहिनींना काय सांगायचं ते माहीत नाही. म्हणून कागदावर तुझ्याशी बोलायला बसले. दुसऱ्या कुणाशी बोलणार?

भेटायला आलेली माणसं तुझ्याबद्दल बोलताना सारखी "छंद" म्हणत होती. तुझ्या कारखान्यातले एक जुने साहेब तर म्हणाले, रिटायर झाल्यावर माणसाला काहीतरी विरंगुळा लागतोच. विरंगुळा! शब्दकोडं सोडवतात तो विरंगुळा. कुंडीत कढीपत्ता लावतात तो विरंगुळा. तू चकल्यांच्या स्टीलच्या डब्याला भोकं पाडून त्यात व्हॉल्व्ह बसवलेस, जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे दिवे, आणि त्याचा गाणी ऐकायचा अँप्लिफायर केलास. त्या दिवाळीत वहिनी चकल्या प्रेशर कुकरमध्ये ठेवत होत्या. मग तशाच डब्याचा जोडीदार हवा म्हणून लाडूंचा डबाही गेला. डावीकडच्या स्पीकरला चकली, उजवीकडच्या स्पीकरला लाडू, अशीच आपण त्या दोन मशीनची नावं ठेवली होती. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला तू वहिनींच्या शिलाई मशीनचं चाक वापरायचास आणि एक एक वेढा मोजायचास, मधे कुणी बोललं तर पहिल्यापासून. मी एकदा मुद्दाम मधेच "चहा घेणार का?" विचारलं होतं. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

आणि ते कधी संपायचं नाही. एखादी तार बोटभर सरकवायची, सुती दोऱ्याने बांधायची, ऐकायचं, परत सोडवून पूर्वीच्या जागी. हा कपॅसिटर बदलला तर स्वर उघडा होतो, तो बदलला तर भरीव होतो. सलीमभाईंकडे, जुन्या शहरातल्या त्या अंधाऱ्या रेडिओच्या दुकानात, तू व्हॉल्व्ह असे निवडायचास की बाजारात आंबे निवडणारी बाई बरी. माझ्या तोंडाला फेस यायचा ऐकून. "अरे, झालं म्हण की एकदा," मी म्हणायचे. तू म्हणायचास, "झालं म्हटलं की मग करायचं काय?" मला तेव्हा ते गमतीचं वाटायचं.

त्या सगळ्यात दोन नियम होते, आणि ते तू मला पहिल्याच दिवशी शिकवलेस. मशीन चालू असताना आत हात घालायचा तर फक्त उजवा. डावा हात खिशात. दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघते, आणि वाटेत छाती असते. हे तू इतक्या सहजपणे सांगितलंस, दुधाची पिशवी कशी फोडायची ते सांगावं तसं. दुसरा नियम, प्लग काढला तरी लगेच हात घालायचा नाही. आत कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, आणि एक छोटासा रेझिस्टर ती हळूहळू रिकामी करतो. ब्लीडर म्हणायचास तू त्याला. त्याला वेळ द्यायचा. साठपर्यंत मोठ्याने मोजायचं, मग डावा हात खिशातून बाहेर काढायचा.

वहिनींनी तुझ्या प्रत्येक लेंग्याला डाव्या बाजूला खिसा शिवला होता. दुकानातल्या लेंग्याला तो नसतो म्हणून. लग्नानंतर चाळीस वर्षांनी नवऱ्याच्या लेंग्याला उलट्या बाजूचे खिसे शिवत बसणारी बाई अख्ख्या भोपाळमध्ये दुसरी नसेल. तू मोजायला लागलास की त्याही आतून, पोळ्या लाटता लाटता मनात मोजायच्या. साठ म्हणजे दीड पोळी, असा त्यांचा हिशोब होता.

आता माझं. तू कारखान्यात आयुष्यभर त्या टेस्टिंगच्या गडगडाटात काढलंस आणि तुझे कान तिथेच ठेवून आलास. वरचे बारीक आवाज तुला ऐकू येईनासे झाले होते. म्हणून तुला मी लागायचे. तू वहिनींना, सलीमभाईंना, वर्तमानपत्रवाल्याला सुद्धा सांगायचास, "सुमनचा कान म्हणजे आमच्या घरचं मीटर आहे." शाळेत तीस वर्षं गाणं शिकवलं मी. तानपुऱ्याची तार केसभर उतरली तरी मला कळायचं आणि मी ते बोलून दाखवायचे, कुणाला आवडो न आवडो. पण शाळा सुटल्यावर त्या कानाचं काय करायचं? तीन शिकवण्या उरल्या होत्या, त्यातल्या दोघी मोबाइलवर नजर ठेवून सरगम म्हणायच्या. माझ्या कानाची खरी गरज असलेला माणूस जगात एकच उरला होता. दर रविवारी चार वाजता तू मला त्या खुर्चीत बसवायचास, फरशीवर पांढऱ्या टेपने तिच्या चार पायांच्या जागा आखलेल्या, आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहायचास, माझ्या चेहऱ्याचा तुझ्यावर परिणाम नको म्हणून. आवाज आला की मी बोट वर करायचं आणि "हं" म्हणायचं. त्या एका तासासाठी मी आठवडाभर जगायचे, दादा. तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

लोक गाणं ऐकायला मशीन बनवतात. आपण दोघं मशीनमधून काही येत नाही ना, ते ऐकायला बसायचो. गाणं न लावता, आवाजाचं बटण पूर्ण वर करून. त्या खोलीला तू जाड पडदे लावले होतेस, दाराच्या फटीत फोम घातला होतास. मे महिन्यात सुद्धा पंखा बंद, कूलर बंद, फ्रिज बंद. वहिनी बाहेरून ओरडायच्या, "अहो, दही आंबट होऊन जाईल!" आणि आत आपण दोघं घामाने निथळत काहीच नसण्याची वाट बघत बसलेलो.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या थंडीतल्या रविवारी काहीच नव्हतं. तू वळलास, तुझा चेहरा असा होता की आता हा बोलणार, आयुष्यात पहिल्यांदा "झालं" म्हणणार. तोंड उघडलंच होतंस.

मी बोट वर केलं. "थांब. येतोय."

"काय येतोय?"

"गुणगुण. अगदी बारीक. दोन्हीकडून."

तू मला खोटं ठरवलं नाहीस. तू वहीचं नवं पान उघडलंस. त्या क्षणी तू खूश झालास असंसुद्धा मला वाटलं, कारण काम संपलं नव्हतं. मला ते अजून तसंच आठवतं आणि त्याचीच मला आता भीती वाटते, की मी ते माझ्या सोयीने आठवते आहे.

मग तीन वर्षं. तारा बदलल्या, ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवले, डबे तांब्याच्या पट्टीने जमिनीशी जोडले, वहिनींच्या तुळशीशेजारी खड्डा खणून. दर रविवारी तू पाठ करून विचारायचास आणि दर रविवारी मी म्हणायचे, आहे. एकदा तू ते पडद्याचं यंत्र आणलंस, ज्यात आवाजाची रेघ दिसते. रेघ सरळ होती. "मीटर म्हणतंय काही नाही," तू म्हणालास. मी म्हटलं, "मग मीटरलाच गाणं शिकव." काय खूश झाले होते मी त्या उत्तरावर! घरी येऊन एकटीच हसले होते.

मागच्या दिवाळीनंतरचा तो रविवार तुलाही आठवत असेल. तू नेहमी तीन वाजताच मशीन चालू करून ठेवायचास, दिवे तापायला तास लागतो म्हणून. त्यामुळे मी त्या खोलीत शिरायचे तेव्हा मशीन चालूच असायची आणि निघायचे तेव्हाही चालूच. त्या दिवशी तू पाठ फिरवून उभा होतास आणि अगदी हळू म्हणालास, "सुमे, एकदा मशीन बंद करून बघायचं का? तरी येतो का ते."

इतकंच. दुसरं काही बोलला नाहीस तू.

आणि मी उठले. "म्हणजे आवाज माझ्या डोक्यात आहे? सरळ सांग ना, बहीण म्हातारी झाली." तू म्हणालास, "अगं, तसं नाही." मी म्हटलं, "तसंच आहे. माझ्या कानावर शंका घ्यायची असेल तर बोलवू नकोस." पर्स उचलली आणि निघाले. वहिनी पोह्यांची बशी घेऊन दारात उभ्या, "काय झालं हो? एकदम निघालात?" मी थांबले नाही. दोन रविवार आले नाही. तिसऱ्या रविवारी तुझा फोन आला, "ये, नवीन तार आणली आहे." मी आले. मशीन बंद करायचं नाव तू परत काढलं नाहीस. मी जिंकले होते, दादा.

दोन मिनिटांचं काम होतं. बटण खाली करायचं आणि ऐकायचं.

तू गेलास तो शनिवार. दुपारचे तीन वाजले असतील. वहिनी आत दुसऱ्या दिवशीसाठी डाळ भिजत घालत होत्या. हे सगळं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मीच तिथे होते असं वाटतं. त्यांनी प्लग काढल्याचा आवाज ऐकला. मग तू मोजायला लागलास. उकाड्याने तुझा आवाज थकलेला होता. त्यांनी सवयीने बरोबर मोजलं. अठ्ठावन, एकोणसाठ, साठ.

"साठ म्हणाले ते, मी नीट ऐकलं," वहिनी म्हणतात. "मग एक डबा पडल्यासारखं झालं. मला वाटलं, पडला असेल काही सामान. मी हाक पण मारली नाही हो."

शेजारचे डॉक्टर धावत आले. एकाहत्तर वय, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, मे महिना, बंद खोली, पंखा नाही. हार्ट, ते म्हणाले. प्लग भिंतीपासून हातभर लांब पडला होता, मशीन बंद होती, मग दुसरं काय असणार? बोटांवरचा डाग कुणी पाहिला असेल तरी सोल्डरिंगचे डाग तुझ्या बोटांवर कायमच असायचे. मी पोचले तेव्हा तुला चटईवर निजवलं होतं. सगळे रडत होते आणि मी मात्र तुझ्या डाव्या हाताकडे बघत होते. तो खिशात नव्हता. नसणारच, मी मनाशी म्हटलं. साठ मोजून झाले होते. वहिनींनी त्याच दिवशी त्या खोलीचा मेन स्विच पाडला.

पाचव्या दिवशी सलीमभाई आले. दारातच चपला काढून उभे राहिले. मग मला म्हणाले, "बाजी, वो मशीनें एक बार देख लूँ. खुली पड़ी हैं, घर में बच्चे आते-जाते हैं." आम्ही दोघं खोलीत गेलो. चकलीचा डबा उपडा होता, तू सोडलास तसा. लाडूंचा डबा शेजारी, झाकण काढलेला. सलीमभाई वाकून बराच वेळ आत बघत राहिले. मग त्यांनी हात मागे घेतला, झटक्याने, आणि मला म्हणाले, "बाजी, पीछे हो जाओ. हाथ मत लगाना किसी चीज़ को."

"प्लग तर काढलेला आहे," मी म्हटलं.

लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर त्यांनी लाडूंच्या डब्यात टेकवला. फटाका फुटावा तसा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली. पाच दिवसांनी, दादा. पाच दिवस ती वीज तिथे अंधारात बसून होती. फराळाच्या डब्यात.

"ब्लीडर ही नहीं है," सलीमभाई म्हणाले. "दोनों में नहीं है. बड़े भाई ने खुद निकाला है, देखो, कितनी सफ़ाई से काटा है. उधर वाले में जो भरा था वो..." आणि ते चकलीच्या डब्याकडे बघत थांबले.

म्हणजे तू साठ मोजलेस ते कुणासाठी? जो रेझिस्टर वीज रिकामी करायचा तो तूच काढून ठेवला होतास. हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण बारा-तेरा वर्षांची सवय. मोजलं की हात बाहेर यायचा. तू शंभर मोजले असतेस, हजार मोजले असतेस, तरी त्या डब्यात काही कमी होणार नव्हतं. वहिनी आत बरोबर मोजत होत्या.

"भाभी को क्या बोलना है?" सलीमभाईंनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी ती मान कशी घेतली कोण जाणे, पण वहिनींना ते काही बोलले नाहीत. पडलेला प्लग आणि डबे कापडात बांधून गेले.

मी एकटीच खोलीत राहिले. मशीन नाहीत, मेन बंद, पडदे ओढलेले. सवयीने खुर्चीत बसले. तुझी चष्म्याची पेटी टेबलावर होती. आणि हळूहळू, डोळे अंधाराला सरावावेत तसा, तो आवाज आला.

मी बोटसुद्धा वर केलं, दादा. त्या रिकाम्या खोलीत.

मग मी घाबरले. तू आहेस की काय असं क्षणभर वाटलं, आणि ते वाटणं सुखाचं होतं, खोटं कशाला बोलू? तुझी वही पिशवीत टाकली आणि घरी आले. माझ्या घराला रस्त्याकडे खिडक्या आहेत, समोर गॅरेज आहे, वर टाकीची मोटर आहे. तीन वर्षांत या घरात मी कधी शांतता ऐकलीच नव्हती. त्या दिवशी सगळं बंद केलं, कानात कापूस घातला. कापूस घातल्यावर आवाज वाढला. तेव्हा मला कळलं. तेव्हा मी वही उघडली.

तुझं अक्षर मला आवडायचं, कारखान्यातल्या नकाशांसारखं उभं. "तारा बदलल्या. सुमन म्हणते, आहे." "डबे अर्थिंगला जोडले. सुमन म्हणते, आहे." "मीटरवर काही नाही. सुमन म्हणते, आहे." पानंच्या पानं. कुठेही एक कडवट शब्द नाही. मी शोधला, खरंच शोधला. तो सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि शेवटचं पान. "दोन्ही मशीनमधले ब्लीडर काढले. आता एवढाच संशय उरला आहे. रविवारी हे ऐकवायचं. तरीही तिला आला तर आवाज तिच्या कानात आहे. डॉक्टरांना दाखवायला हवं. तिला कसं सांगायचं? गाणं शिकवते ती. शैलाला सांगायला सांगू का?" त्याखाली, वेगळ्या पेनने, "नको. मीच सांगेन. रविवारी."

शनिवारी तू मशीनमध्ये काय शेवटची दुरुस्ती करायला गेलास ते वहीत नाही. मला खोटं ठरवायच्या आधी एकदा शेवटची खात्री करून घ्यायला गेला असशील. तू तसाच होतास. माझ्यासारखा एका वाक्यात निकाल लावणारा असतास तर आज जिवंत असतास.

दुसऱ्याच आठवड्यात मी बिट्टन मार्केटजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. फोम लावलेली एक लहानशी खोली, जाड दार, कानाला हेडफोन. तिथली मुलगी म्हणाली, "आंटी, आवाज़ सुनाई दे तो बटन दबाना." मला हसू आलं आणि मग रडू आलं. तीन वर्षं मी दुसरं काय केलं? आत बसल्यावर मी बटण दाबतच राहिले. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आंटी, मैंने तो अभी कुछ चालू ही नहीं किया."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वयामुळे कान उतरले की कधीकधी कानच आवाज तयार करतो. धोक्याचं काही नाही, जाणार मात्र नाही. "तीन साल से है तो पहले क्यों नहीं आईं? किसी ने कहा नहीं?" मी म्हटलं, एकानं विचारलं होतं.

आता सव्वातीन झाले. वहिनींना "गेला आवाज" असं सांगितलं तर ते खोटंही नाही. मशीनमध्ये तो कधी नव्हताच. त्या समाधानाने दार लावतील, तुझं जमलं म्हणून. दुपारभर मी हेच वाक्य घोळवते आहे. पण ते तोंडात आलं की मला तुझी पाठ दिसते, माझ्याकडे पाठ करून विश्वासाने उभी असलेली. निघते मी. बाकीचं आल्यावर लिहीन.

आले.

खोली झाडून पुसून ठेवली होती. खुर्ची टेपवर बरोबर चार पायांनी. वहिनींनी फ्रिज, पंखा, सगळं बंद केलं होतं, मेन स्विच पुन्हा चालू केला होता, आणि चकली-लाडू शेजारी शेजारी, दिवे लागलेले, तीन वाजल्यापासून. "तापले असतील ना?" त्यांनी विचारलं. मग त्या तुझ्या जागी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. हे त्यांना कुणी सांगितलं होतं? इतकी वर्षं दाराच्या फटीतून बघत असतील.

"सांगा सुमनताई. येतो का?"

मी म्हटलं, "वहिनी, मशीनमधून काही येत नाही."

त्यांचे खांदे खाली आले. "जमलं म्हणजे त्यांना," त्या म्हणाल्या. "देवा! जमलं."

मी तिथे गप्प बसू शकले असते. वाक्य संपलं होतं, खरं होतं, त्या रडत हसत होत्या. आणि तेवढ्या शांततेत तो आवाज माझ्या दोन्ही कानांत असा उभा होता की मला दुसरं काही बोलताच येईना. "वहिनी, आधीही येत नव्हता. कधीच नव्हता. तो माझ्या कानात आहे. डॉक्टरांकडे जाऊन आले."

त्या वळल्या. म्हणाल्या, "मग त्यांनी ते उघडलं कशाला?"

"मी सांगितलं म्हणून."

मग सगळं सांगितलं, दादा. ब्लीडर, सलीमभाईंचा स्क्रूड्रायव्हर, ठिणगी. वहीतलं शेवटचं पान वाचून दाखवलं. "शैलाला सांगायला सांगू का" इथे स्वतःचं नाव ऐकून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं होतं त्या ओरडतील, मला घालवून देतील. मला ते हवं होतं.

त्या खाली वाकल्या आणि भिंतीतला प्लग काढला. दिवे हळूहळू विझत गेले. मग त्या चकलीच्या डब्यासमोर बसल्या आणि मोठ्याने मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. मी खुर्चीतून उठून त्यांच्याजवळ फरशीवर बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, थांबल्या नाहीत. विसाच्या पुढे मीही बरोबर मोजायला लागले. अठ्ठावन, एकोणसाठ, साठ.

साठनंतर तुला इतकी वर्षं हवी होती तशी शांतता खोलीत झाली. वहिनी मान तिरकी करून ती ऐकत होत्या. मला ऐकू आली नाही.